पाचवा रकाना

माझ्या टेबलावर एक लांबट कागद असतो. त्यावर चार उभे रकाने आखलेले असतात आणि वर चौघांची नावं: मत्तय, मार्क, लूक, योहान. चौघांनी एकाच माणसाची हकिकत सांगितली आहे. एखादा प्रसंग चौघांनीही सांगितलेला असतो, एखादा तिघांनी, एखादा दोघांनीच. तो शेजारी शेजारी मांडला की काही ओळी शब्दाला शब्द सारख्या निघतात आणि मग मध्येच वाट फुटते. एक म्हणतो आंधळा एक होता, दुसरा म्हणतो दोन होते. एक म्हणतो गावातून निघताना, दुसरा म्हणतो गावाजवळ पोचताना. असे फरक शोधायचे, त्यांच्यावर खूण करायची आणि आमच्या भाषांतरात ते जसेच्या तसे उतरलेत का ते पाहायचं, हे माझं काम. गेली सहा वर्षं मी जव्हारमध्ये हेच करते आहे.

हे काम आहे असं लोकांना पटत नाही. वडिलांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. मुलगी काय करते असं गिऱ्हाइकानं विचारलं की ते सुरुवातीला "भाषांतर" म्हणायचे. मग कसलं, असा प्रश्न येऊ लागला. हल्ली ते "ऑफिसात आहे" एवढंच सांगतात आणि कढईची किंमत सांगायला लागतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही बसमध्ये शेजारच्या बाईला असंच काहीतरी सांगते.

आमच्या घरी देवघर आहे आणि सकाळी फुलं मीच वाहते. मला कामावर घेताना यशवंत गुरुजींनी श्रद्धेबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. इंग्रजी नीट वाचता येतं का, मराठी टायपिंग येतं का, आणि एका जागी दिवसभर बसवतं का, एवढंच विचारलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात ठामपणे दिलं. नाशिकच्या वसतिगृहात राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथून परत आले तेव्हा मला चारचौघांत बोलायची धास्ती वाटायची. माझं मराठी पुस्तकी आणि इंग्रजी शाळेपुरतं. कागदाशी बोलायचं काम मिळालं म्हणून मी सुटल्यासारखी झाले होते.

गुरुजी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले होते. डोंगरातल्या पाड्यांवर घरात जी बोली बोलतात, तिच्यात ख्रिस्ती धर्मग्रंथातली ही चार शुभवर्तमानं आणायची असा प्रकल्प आहे, आणि भाषांतर ते करतात. मी फक्त तपासते. मूळ सारखं असेल तिथे आमचंही सारखं हवं. मूळ वेगळं असेल तिथे आमचंही वेगळं हवं, आणि तेवढंच वेगळं. ऐकायला सोपं वाटतं. पण भाषांतर करणारा माणूस असतो. काल मार्कचा प्रसंग लिहिलेला आज लूकचा लिहिताना त्याच्या हातात असतो, आणि तो नकळत एकाचं दुसऱ्यात ओततो.

फरकांचं करायचं काय, यावर फार जुन्या काळापासून माणसांनी डोकी खपवलेली आहेत. यरीहो गावाच्या वाटेवर दृष्टी मिळालेला आंधळा घ्या. मत्तय दोन सांगतो. मार्क एकच सांगतो, पण त्याचं नाव सांगतो, बापाचं नावही सांगतो. लूक एकच सांगतो, पण गावात शिरण्याआधी. यावर कोणी म्हणतं की होते दोघेच, पण एकाला पुढे सगळे ओळखत होते म्हणून त्याचंच नाव उरलं. कोणी म्हणतं की जुनं यरीहो आणि नवं यरीहो अशी दोन गावं होती, एकातून बाहेर पडलात की दुसऱ्याजवळ पोचता. या उत्तरांपैकी काही वाचताना पटतात. काही वाचताना उत्तर देणाऱ्याचा घाम दिसतो. काहींनी तर चारही हकिकती उसवून एकच सलग हकिकत शिवली होती. मी हे गुरुजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "हो, पण लोकांनी वाचायला चारही वेगळे ठेवले ना? ज्यांनी ठेवले त्यांना दोनपर्यंत मोजता येत होतं, बाळ."

कागदावरचं काम झालं की ऐकण्याची चाचणी असते. जे लिहिलंय ते ऐकून समजतं का हे पाहायला, ती हकिकत आधी कधीच न ऐकलेली माणसं लागतात. आम्ही सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर जायचो. तिथली बहुतेक घरं हिंदू, भूमिहीन, मजुरीवर जगणारी. दिवस मोडतो म्हणून त्यांना त्या दिवसाची मजुरी दिली जायची. कोणाला ख्रिस्ती करायला आम्ही जात नव्हतो, आणि ते लोकही तसे कोणाला ऐकणारे नव्हते. बसल्या बसल्या मजुरी मिळते याचंच त्यांना नवल. पहिल्या दिवशी चंद्री म्हणाली, "असं असंल तं रोज ये वाचायला. भट्टीवर गेल्यापरीस बरं."

चंद्री पस्तिशीची असेल. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची आणि डोंगराच्या उताराच्या एका तुकड्यावर नागली-वरई करायची. तो तुकडा तिच्या सासऱ्यानं, लखमानं, फोडलेला. कागदावर तो जंगलात होता. तिच्याबरोबर चाचणीला तिची चुलत सासू सक्री आजी यायची आणि शेजारचे सोमा बाबा. सक्री आजी ऐकताना हातानं काहीतरी निवडत असायची. सोमा बाबा डोळे मिटून ऐकायचे, झोपले असं वाटावं इतके.

एकदा काठीचा प्रसंग होता. शिष्यांना गावोगाव पाठवताना सांगितलं जातं की वाटेसाठी काही घेऊ नका. मार्कच्या सांगण्यात काठीला तेवढी परवानगी आहे. मत्तय आणि लूक यांच्यात काठीही नको. मी आधी मार्कचं वाचलं, दुपारी मत्तयचं. सोमा बाबांनी डोळे उघडले.

"सकाळी काठी व्हती. आता कुठं गेली?"

मी म्हटलं की हा दुसरा सांगणारा आहे.

"मंग तो डोंगरात कधी गेला नाय," बाबा म्हणाले. "काठी नाय तं पयल्याच पाड्यावर कुतरी फाडतील."

सगळे हसले. चंद्री म्हणाली, "हातात हाय ती घेऊन चाल, नवी तोडत बसू नको, असं सांगितलं असंल. एकानं अर्धं ऐकलं, एकानं अर्धं."

आदल्याच आठवड्यात मी हेच उत्तर एका जाड इंग्रजी ग्रंथात वाचलं होतं. तिथे त्याला तीन पानं लागली होती. मी ते चंद्रीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

हळूहळू मला या कामाची गोडी लागली आणि गोडीबरोबर एक खोडही. चार रकान्यांच्या उजवीकडे कागदाची थोडी जागा उरायची. तिथे मी पाचवा रकाना आखला. त्याला नाव दिलं नव्हतं. चौघांचं जुळवून, कोणालाच खोटं न पाडता, सगळं मिळून काय घडलं असेल ते मी त्यात लिहायची. शाळेत गणित बरोबर सुटल्यावर व्हायचा तसा आनंद व्हायचा. कोणाला दाखवायचं नव्हतं, त्यामुळे धास्तीही नव्हती.

पण असलं काही रकान्यात थांबत नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला बरं करून घ्यायला त्याची माणसं छपरातून खाली सोडतात, तो प्रसंग. गर्दीमुळे दारातून जाता येत नाही. मार्क सांगतो की त्यांनी छप्पर उकरलं. लूक सांगतो की कौलांमधून खाली सोडलं. मत्तय छपराचं नावच काढत नाही. मी पाचव्या रकान्यात लिहिलं की आधी कौलं काढली, मग खालची माती उकरली. झालं, सगळे खरे. पुढच्या आठवड्यात मार्कचा मसुदा टाइप करताना माझ्या हातून त्यात कौलं गेली. मुद्दाम नाही. माझ्या डोक्यात ते घर आता तसंच दिसत होतं.

गुरुजींनी छापलेली प्रत वाचली आणि पेन खाली ठेवलं. "मार्कच्या घराला कौलं कोणी घातली?"

त्यांनी माझा लांब कागद ओढून घेतला आणि पाचवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना दोनदा मानही हलवली. "छान जुळवतेस," ते म्हणाले. "पण हा पाचवा सांगणारा कोण? तो तिथं होता का?"

मी कौलं काढून टाकली. रकाना मात्र चालू ठेवला.

त्याच वर्षी चंद्रीनं मला बाजूला बोलावून विचारलं. तिच्या सासऱ्याच्या तुकड्याचा वनहक्काचा दावा टाकायचा होता. ते जंगल फार आधीपासून आपण कसतो हे दाखवायला पुरावा लागतो. कोणाकडे अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या असतात. यांच्याकडे काही नव्हतं. अर्धं वर्ष घर भट्टीवर, जे काही असेल ते पावसात गेलेलं. लखमा स्वतः कधीच वारला होता. उरला एकच आधार, पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब. लखमाचं खोपट एके काळी त्या तुकड्यावरच होतं, पुढे पाण्यासाठी ते लोक खाली पाड्यात आले, हे प्रत्यक्ष पाहिलेली दोनच माणसं उरली होती. सक्री आजी आणि सोमा बाबा.

"दोघं दोन तऱ्हेचं सांगतात," चंद्री म्हणाली. "तुझं कामच ते हाय ना, चौघांचं जुळवायचं? हे तं दोघांचंच."

मला कोणी असं आपलं समजून काम सांगण्याची सवय नव्हती. मी लगेच हो म्हटलं. गुरुजी तेव्हा मुलीकडे वसईला गेले होते. ते असते तरी मी विचारलं असतं असं नाही.

दोघांशी मी वेगवेगळी बसले, चंद्रीच्या पडवीत, आणि सवयीप्रमाणे कच्च्या वहीत दोन रकाने आखून जसं सांगतील तसं लिहिलं. सक्री आजी म्हणाली की लखमाकडे बैल कधीच नव्हता, नवरा-बायको कुदळीनं खणायचे. तिथे उखळही नव्हतं. लखमाची बायको वरई कांडायला खाली आजीकडे यायची, दोघी मिळून कांडायच्या. सोमा बाबा म्हणाले की एक बैल होता, तांबडा. आणि खोपटामागं, मोहाच्या उगवतीला, बसका खडक होता, त्यात लखमानं स्वतः छिन्नीनं उखळ कोरलं होतं. बाकी सगळं जुळत होतं: मोहाचं झाड, ओहोळाकडे असलेलं दार, तीन चुलीचे दगड, नागली.

घरी येऊन मी जुळवायला बसले. हे धर्मग्रंथाचं काम नव्हतं, सरकारी कागद होता. ग्रंथात आंधळे एक की दोन यावरून कोणाची जमीन जात नाही. इथे एका ओळीचा फरक निघाला आणि साहेबानं तिथे बोट ठेवलं, तर? मी बैल काढला. उखळ काढलं. कांडायला येणं-जाणंही काढलं. उरलं ते दोघांच्याही नावानं टाइप केलं, स्वच्छ, एकसारखं. एकही टोक बाहेर नव्हतं.

ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर ते वाचून दाखवलं. मीच वाचलं. सक्री आजीनं अंगठा केला. सोमा बाबांनी अंगठ्याला शाई लावली आणि थांबले.

"माझं उखळ कुठं गेलं?"

"ते नसलं तरी चालेल, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली होते. त्यांनी अंगठा केला.

काही महिन्यांनी दावा जव्हारच्या उपविभागीय समितीकडून परत आला. वर शेरा होता की दोन्ही जबाब शब्दशः सारखे आहेत, पढवल्यासारखे दिसतात, ते पुन्हा स्वतंत्रपणे घ्यावेत आणि जागेची पाहणी करावी. ज्यानं लिहिलं त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं. माझं तर रोजचं कामच ते होतं: मूळ वेगळं असून आमचे दोन रकाने असे हुबेहूब दिसले की मी लाल खूण करते, कारण कुणीतरी एकाचं दुसऱ्यात उतरवलेलं असतं.

चंद्रीनं तो कागद मला आणून दाखवला. तिला वाटलं असावं की चूक तिच्या माणसांची. मी ते तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, पुन्हा जबाब घेऊ. मग तिनं सांगितलं की सोमा बाबांना दहा दिवसांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

त्या आठवड्यात मी कामावर एकही खूण नीट करू शकले नाही. शेवटी गुरुजींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. शाळामास्तराचं रागावणं मला सोसलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं:

"कच्ची वही आहे?"

होती. आमच्याकडे कच्ची वही फाडायची नाही असा दंडक आहे. तो त्यांनीच घातलेला.

"मग त्याचा रकाना आहे अजून," गुरुजी म्हणाले. "जा आणि सांग की जुळवलं ते तू. ज्यांच्यासमोर अंगठे घेतलेस त्यांच्यासमोर सांग."

"मला बोलता येणार नाही, गुरुजी."

"वाचता येतं ना?"

आधी मी सोमा बाबांकडे गेले. ते पडवीत खाटेवर होते. मी वही उघडून त्यांनी सांगितलेलं त्यांनाच वाचून दाखवलं. तांबडा बैल आला तेव्हा त्यांचे डोळे ओलावले. उखळ आलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला आणि खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटलं, जा म्हणतायत. मी उठायला लागले.

त्यांची सून म्हणाली, "बस, ताई. कांडतायत ते."

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. मी काय बोलायचं ते एका कागदावर लिहून नेलं होतं. पहिल्या ओळीनंतर मी कागद मिटला आणि न बघता सांगितलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं होतं. मी ते सारखं केलं. बाबांनी उखळ विचारलं होतं, मी नको म्हटलं. हे त्यांचं खोटं नाही, माझी चूक आहे. मग तेच लिहून खाली सही केली आणि वहीच्या त्या पानाची प्रत जोडली.

मागून कोणीतरी म्हणालं, "शिकलेली माणसं सगळं सारखं करायला बघतात." त्यावर थोडं हसू झालं. चंद्री हसली नाही. ती मान खाली घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. सभा संपल्यावर ती माझ्याजवळून गेली आणि एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस." त्यानंतरच्या चाचणीला ती आली नाही.

पाहणीच्या दिवशी वनरक्षक, तलाठी आणि समितीची माणसं होती. समितीच्या सचिवांनी मला बोलावलं, कारण वहीतलं अक्षर मलाच लागत होतं. सक्री आजी काठी टेकत टेकत चढ चढून आली. तिचा जबाब आदल्या आठवड्यात नव्यानं झाला होता, तिच्याच शब्दांत. बैल नव्हता, उखळ नव्हतं, लखमाची बायको माझ्याकडे कांडायला यायची.

उतारावर मोहाचं झाड नव्हतं, बुंधा होता. त्याच्या उगवतीला खडक होता, पण त्यावर वीतभर माती साठलेली आणि तिच्यात गवत. वनरक्षक म्हणाला की असे खडक डोंगरभर आहेत, आणि ते खरंच होतं. चंद्रीनं नवऱ्याच्या हातातली पहार घेतली. इथे सासूचं घर होतं असं तिला लग्नानंतर नुसतं बोटानं दाखवलेलं. ती आली तेव्हा खोपट मोडून गेलं होतं. ती एका कडेनं माती सारत गेली. मी वही छातीशी धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच होतं, की बाबांचं खरं असू दे.

पहार एका जागी आत गेली. चंद्रीनं ती टाकली आणि हातानं माती उपसायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात गेला. आतून गोल आणि गुळगुळीत होतं. निसर्गानं केलेला खड्डा इतका गुळगुळीत नसतो. तो वर्षानुवर्षं मुसळ बसल्यावर होतो. तलाठ्यांनी वाकून आत हात घातला आणि टेप मागवली.

सक्री आजी पुढे आली. तीही खाली बसली. तिनं कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"म्हून ती येईनाशी झाली," ती म्हणाली.

कोणालाच कळलं नाही. चंद्रीनं विचारलं, कोण ती, आजी?

"तुझी सासू. रोज यायची माझ्याकडं कांडायला. मंग एकदम बंद झाली. मला वाटलं रागावली माझ्यावर. मी पण गेले नाय." आजीचं बोट फिरतच होतं. "तुझ्या सासऱ्यानं तिला घरचं उखळ करून दिलं व्हतं. मी या खोपटामागं कधी आलेच नाय ना."

लखमाची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. दोघी एकाच पाड्यात, चार घरांच्या अंतरावर म्हाताऱ्या झाल्या होत्या.

सचिव भला माणूस. त्यानं विचारलं की आजी, आता उखळ सापडलं, तर तुमच्या जबाबातलं ‘उखळ नव्हतं’ हे वाक्य काढून टाकू का, म्हणजे दोन्ही जबाब नीट बसतील. मी वहीत बघत राहिले. माझ्याकडे कोणी पाहू नये असं वाटत होतं.

"नको," आजी म्हणाली. "मी पाह्यलं तवा नव्हतं. ते तसंच ऱ्हाऊ दे."

तसंच राहिलं. पंचनाम्यात उखळ आलं, आजीच्या जबाबात ‘उखळ नव्हतं’ हे कायम राहिलं, आणि बैलाचा निकाल कधीच लागला नाही. दावा पुन्हा गेला. मधे एक पूर्ण वर्ष गेलं, चंद्री भट्टीवर जाऊन आली. यंदा जमिनीच्या हक्काचा पट्टा मिळाला, नवरा-बायको दोघांच्या नावावर. मागितली होती त्यापेक्षा जमीन कमी आहे. वरची एक पट्टी सुटली. उखळाचा खडक मात्र हद्दीच्या आत आहे. सोमा बाबा त्याआधी गेले. त्यांना उखळ सापडल्याचं मी जाऊन सांगितलं होतं, एवढंच माझ्याकडे आहे.

लांब कागदावर आता मी चारच रकाने आखते. उजवीकडची जागा तशीच उरते. जुळवायची बुद्धी गेलेली नाही. अजूनही एखादा फरक दिसला की डोकं आपोआप त्याच्या मागे लागतं, आणि काही फरक खरोखर नुसत्या उभं राहण्याच्या जागेचे असतात हे मला पटलेलं आहे. पण ते मी कच्च्या वहीत लिहिते, आणि शेजारी माझं नाव घालते.

पट्टा मिळाल्यावर काही दिवसांनी आम्ही पाड्यावर शेवटच्या भागाच्या चाचणीला गेलो. यावेळी चंद्री आली होती. सक्री आजी सुपात वरई निवडत होती. ज्याची ही सगळी हकिकत, त्याला पुरल्यावर पहाटे बायका त्याच्या कबरेकडे जातात, तो प्रसंग होता, आणि चौघांचा सगळ्यात मोठा गुंता तिथेच आहे. मी आधी एकाचं वाचलं, त्यात कबरेपाशी पांढऱ्या वस्त्रातला एक तरुण होता. मग दुसऱ्याचं वाचलं, त्यात दोघे होते. मी थांबले. सवयीनं वाट पाहिली की आता कोणीतरी विचारेल, मघाशी एक होता, दुसरा कुठून आला.

कोणी विचारेना. मीच विचारलं की यात काही वेगळं वाटलं का.

"एकीनं एक पाह्यला, एकीनं दोन," सक्री आजी म्हणाली. तिनं सूप एकदा हलवलं. "पन गेल्या व्हत्या ना त्या? वाच पुढं."